छतावरचा फळा

प्रिय खिडकीवाली,

हे पाकीट तुझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून घाबरू नकोस. मागच्या बाजूला माझं नाव घातलेलं नाही, पुढचा पत्ता टंकलेला आहे, आणि पाकीटही मुद्दाम लांबट, कचेरीचं घेतलं आहे. बघणाऱ्याला वाटावं, पाण्याच्या नमुन्यांबद्दल कुठून तरी काही आलं असेल. घरी लिहू नकोस असं तू कळवलं होतंस, ते मी पाळलं. कुठेच लिहू नकोस असा त्याचा अर्थ होता, हेही मला कळत होतं, आणि इतकी वर्षं तेही पाळलं. आज मोडतो आहे. अक्षर नेहमीसारखं आलेलं नाही, त्याबद्दल माफ कर.

इस्पितळातल्या आपल्या वर्गात बसून लिहितो आहे. दुपारची औषधं झाली की मुलं थोडा वेळ झोपतात, तेवढा हा वेळ माझा. टेबल बाईंचं, तेच जुनं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं. तुझी खाट अजून खिडकीपाशी आणि माझी दाराकडे. माझ्या खाटेवर सध्या एक पोरगा आहे, तो बाई जवळ आल्या की घोरायचं सोंग करतो, म्हणजे पाढे म्हणायला नकोत. बाईही पक्क्या. त्या त्याच्या कानाशी मुद्दाम चुकीचा पाढा म्हणतात, आणि त्याला राहवत नाही, डोळे मिटलेले ठेवूनच तो दुरुस्त करतो. तुझ्या खाटेवर दहा वर्षांची एक मुलगी आहे. तिला सगळा वॉर्ड ‘मॅडम’ म्हणतो, कारण ती पडल्यापडल्या हुकूम सोडत असते. मणक्याचा क्षय, तुझ्यासारखाच. गळ्यापासून कमरेपर्यंत प्लास्टर, तुझ्यासारखंच. इंजेक्शन डाव्या हाताला द्या, उजव्याने मला लिहायचं आहे, असं ती सिस्टरना बजावते, आणि सिस्टर निमूट दुसऱ्या बाजूला जातात. तुला तरी एवढी हिंमत नव्हती.

फळा अजून छतालाच आहे. चार दोऱ्या, चार कप्प्या. प्लास्टरमधल्या मुलाला भिंत दिसत नाही, छत दिसतं, म्हणून बाईंनी सुताराला बोलावून फळा आडवा करून आपल्या डोक्यावर टांगला होता, ते तुला आठवत असेलच. सुतार म्हणाला होता, बाई, फळा असा पालथा घालतात का. बाई म्हणाल्या होत्या, मग मुलं उताणी का घातली आहेत ते आधी विचार. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती त्या पालथ्या फळ्यावर. आता त्यावरचा कागद मीच लिहितो, जाड कुंचल्याने. संध्याकाळी फळा खाली घ्यायचा, दुसऱ्या दिवसाचा धडा लिहायचा, पुन्हा वर ओढायचा. चुकलेला शब्द दिवसभर पोराच्या तोंडावर लटकत राहतो, म्हणून मी शब्दकोश उघडा ठेवून लिहितो. बाई म्हणतात, तू नववीतून बाहेर पडलास, पण ऱ्हस्व-दीर्घ काही तुझ्यातून बाहेर पडले नाहीत. खरं आहे. बरा होऊन शाळेत गेलो तेव्हा मी वर्गातल्या सगळ्यांपेक्षा थोराड, लंगडत चालणारा. ‘आजोबा, बसा’ म्हणून पोरं बाक पुसून द्यायची. तू असलं सगळं पचवलंस. मला नाही जमलं. बाईंनी मदतनीस म्हणून परत बोलावलं, तेव्हा मी इतक्या आनंदाने या वॉर्डात आलो की आईने तोंडाला पदर लावला. म्हणाली, लोकांची मुलं इस्पितळातून घरी येतात, आमचं ध्यान घरातून इस्पितळात निघालं.

आता बातमी. हा वर्ग बंद होणार आहे. नुसत्या आमच्याच नाही, सगळ्याच इस्पितळांतले वर्ग बंद होतील असं एक विधेयक आलं आहे. विधेयक तसं मोठं आहे आणि त्यातल्या पुष्कळ गोष्टी चांगल्याही आहेत, पण एकोणिसावं कलम असं म्हणतं की, दीर्घकाळ रुग्णालयात असलेल्या मुलांना पडद्यावरून दिलेलं शिक्षण पुरेसं मानावं आणि तिथले वर्ग व तिथली पदं रद्द करावीत. वाचताना हे किती शहाणपणाचं वाटतं बघ. आमच्याकडे तो पडदा, म्हणजे पाटीएवढं एक यंत्र, वापरून बघायला आणून दिला होता. मॅडमने तो दोन्ही हातांनी तोंडावर धरला, हात दुखले, आणि पडदा धपकन नाकावर पडला. नाकातून रक्त. ते पुसताना ती म्हणाली, निदान आपला फळा तरी कधी पडला नाही. आणि कुणाला सकाळी कुठलं औषध दिलंय, कोण गुंगीत आहे, कोणाला आज नुसती गोष्ट सांगायची आणि कोणाकडून हिशेब करून घ्यायचा, हे बाई रोज सिस्टरना विचारून ठरवतात. पडदा कोणाला विचारणार?

बाई तशा कधी भांडखोर नव्हत्या. पण हे कलम वाचल्यावर त्या म्हणाल्या, आपण बोलायला शिकलं पाहिजे. मला हसू आलं. आयुष्यभर बोलायचाच धंदा केलेली बाई. पण त्यांना म्हणायचं होतं, कायदे होतात तिथे बोलायला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण चालतं, ‘धोरण-नेतृत्व आणि कायदेविषयक पाठपुरावा’. नाव ऐकून आईने विचारलं, एवढं लांबलचक नाव आहे तर चहा तरी देतात का. देतात. बाईंनी आपलं नाव घातलं आणि माझंही. मी म्हटलं, मी शिक्षक नाही. त्या म्हणाल्या, मुलं तुला काय म्हणतात? मुलं मला सर म्हणतात. तो विषय तिथेच संपला.

प्रशिक्षण देणारी बाई पन्नाशीची, आखूड केसांची, गळ्यात शिट्टीसारखं घड्याळ अडकवलेली. आम्ही तिला आपसात घड्याळबाई म्हणायचो. तिने विधिमंडळाच्या कचेरीत उमेदीची सगळी वर्षं काढली होती. सभासदांची भाषणं लिहून लिहून वीट आला, आता ज्यांना खरंच काही सांगायचं आहे त्यांना लिहायला मदत करते, असं ती म्हणाली. विधेयक कोणत्या समितीकडे जातं, समितीत कोण बसतं, कोणाची आई शिक्षिका होती, कोणता सभासद लिफ्टने न जाता जिन्याने उतरतो आणि त्यामुळे कुठे उभं राहिलं तर तो भेटतो, हे सगळं तिने शिकवलं. खिडकीवाली, मला तोवर वाटायचं की कायदा पावसासारखा वरून पडतो. तो कोणीतरी खुर्चीत बसून लिहितं आणि दुसऱ्या कोणीतरी सांगितलं तर खोडतंही, हे मला त्या मजल्यावर कळलं. काही शनिवार मी इतका सुखात होतो की घरी येताना वाटेत नुसता हसत असायचो.

समितीपुढे माणसाला तीन मिनिटं मिळतात. त्यात एक मागणी, एक मूल, आभार, आणि गप्प बसायचं. एवढं सोपं, पण शिक्षकांना ते जमता जमेना. कोणीही उभं राहिलं की, आधी मागचं थोडं बघू या, अशी सुरुवात. एका सरांनी बोलण्याआधी भिंतीवरच्या फळ्यावर तारीख आणि वार लिहिला. आणि शेवटी प्रत्येकाच्या तोंडून तेच, कळलं का सगळ्यांना? घड्याळबाई कपाळावर हात मारून घ्यायची. सभासदांना असं विचारलंत तर ते बाकावर उभे राहतील का, असं ती विचारायची. आम्हीच आळीपाळीने सभासद व्हायचो. कवायतीचे एक सर होते, ते सभासद झाले की जांभया देत, मधेच फोन कानाला लावत, बोलणाऱ्याकडे बघून तिसऱ्याच माणसाला चहा सांगत. इतकं हुबेहूब की पुढच्या निवडणुकीला त्यांनाच उभं करायचं असं आमचं ठरलं.

ठरलं असं की आमच्या कलमावर बाई मागणी मांडतील आणि मूल मी सांगायचं. म्हणजे मीच ते मूल. पालथा फळा, चार दोऱ्या, उताणं पडून शिकलेली अक्षरं. मी पाठ करून म्हणून दाखवलं. घड्याळबाईचे डोळे ओले झाले असं मला तरी वाटलं. मग कवायतीचे सर जांभई अर्धी टाकून म्हणाले, बरं, मग पुढे काय शिकलात? त्यांनी खवचटपणे विचारलं नव्हतं, सभासद विचारतील तसंच विचारलं होतं. घड्याळबाईने घड्याळ बंद केलं. प्रत्येक गोष्टीला ‘मग पुढे’ असतं, ती म्हणाली, आणि तुमचा ‘मग पुढे’ त्यांच्या हातात कोलीत देईल. दुसरं कोणी नाही का?

तेव्हा बाईंनी तुझा विषय काढला. नाव नाही घेतलं. आमची एक मुलगी आहे, एवढंच म्हणाल्या, खिडकीशी असायची, ती आता एका शहराचं पाणी तपासते. तिची सही झाल्याशिवाय नळाला पाणी सुटत नाही. बाईंचा चेहरा असा खुलला होता की कवायतीचे सर जांभई द्यायची विसरले. घड्याळबाईने लगेच विचारलं, तिची परवानगी आहे? मी म्हटलं, नाही. मागता येईल? मी म्हटलं, तिने लिहू नकोस असं सांगितलंय. मग तो दरवाजा बंद, ती म्हणाली. तिच्या वर्गात याबाबत कोणाचं काही चालत नसे. गोष्ट मुलाच्या मालकीची, मूल कितीही मोठं झालं तरी. विचारल्याशिवाय ती कोणी वापरायची नाही, मग कायदा पडो की राहो.

आणखी कोणी नव्हतं का, असं तुझ्या मनात येईल. बाईंच्या हाताखालून किती मुलं गेली, पण सांगता येईल असं कोण आहे? बरी झालेली मुलं घरी जातात आणि आजाराबरोबर आम्हालाही मागे टाकतात. त्यांचं चुकत नाही. क्षय झाला होता म्हटलं की अजून माणसं पाण्याचा पेला बाजूला ठेवतात. बाईंना अधूनमधून कोणाचं तरी पत्र येतं, नोकरी लागली, मुलगा झाला, आणि खाली ठरलेली ओळ, कोणाला सांगू नका. जे पुढे गेले ते लपले. सगळ्यांना दिसेल असा राहिलो तो मी.

तुझं शेवटचं पत्र माझ्यापाशी आहे. प्रयोगशाळेत नेमणूक झाल्याचं आणि लग्न ठरल्याचं तू एकाच परिच्छेदात लिहिलं होतंस. ‘मला खाली वाकता येत नाही म्हणून इथे सगळे मला ताठ समजतात, समजू देत,’ असंही. आणि मग, ‘इथे मी कधीच आजारी नव्हते.’ ते वाक्य वाचून मी पत्र बाईंकडे दिलं. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, छान झालं हो पोरीचं. त्या आठवड्यात मी फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. बाई सांगतात, त्यात पहिल्यांदाच चुका होत्या. त्यानंतर आई माझ्या लग्नाचं काढते तेव्हा मी बघू म्हणतो. ती म्हणते, बघू बघू करत तुझे डोळे जातील. असो.

सुनावणी मागच्या गुरुवारी झाली. खोली मला वाटली होती त्याहून लहान निघाली. घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेबल, पाण्याचे तांबे, आमच्यापुढे एक माइक आणि त्यावर लाल दिवा. कवायतीचे सर आणि घड्याळबाई मागच्या खुर्च्यांवर. बाई अप्रतिम बोलल्या. एक मागणी, एकोणिसावं कलम वगळा, बस. शेवटी त्यांचे ओठ ‘कळलं का’ म्हणायला उघडलेले मी बघितले आणि त्यांनी ते गिळलेलंही बघितलं. मागून सरांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग मी बोललो. फळा कुठे होता ते सांगितलं तेव्हा समितीतली माणसं खरोखर मान वर करून छताकडे बघायला लागली, खिडकीवाली. अध्यक्षसुद्धा. वर नुसते दिवे होते, पण ती सगळी वर बघत होती. मला वाटलं, झालं. वाचला वर्ग.

टेबलाच्या टोकाला एक वयस्कर सभासद होते. त्यांनी आमचं सगळं मन लावून ऐकलं होतं, काही लिहूनही घेतलं होतं. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “बाई, मला तुमच्या बाजूने मत द्यायचं आहे. पण मला माझ्या लोकांना पटवावं लागेल. त्या खोलीतून पुढे शिकत गेलेलं एक मूल सांगा. एकच.”

तुला बाईंची सवय आठवते ना? डॉक्टर फेरीला आले आणि त्यांनी बाईंना विचारलं, हिला आज कसं वाटतंय, तर बाई कधी उत्तर देत नसत. आपल्याकडे वळायच्या आणि म्हणायच्या, सांग. पाहुणे आले, तपासनीस आले, आपले आईबाप आले, तरी तेच. मुलाचं उत्तर मुलानेच द्यायचं. त्या दिवशीही प्रश्न आला आणि बाई माझ्याकडे वळल्या. चेहरा वर्गात असतो तसा, आपलं मूल बरोबर उत्तर देणार याची खात्री असलेला.

“सांग,” त्या म्हणाल्या.

माइक माझ्याकडे सरकवला गेला. लाल दिवा लागलेला. तुझं नाव माझ्या तोंडात होतं, आडनावासकट, माहेरच्या. मी म्हटलं, आहेत पुष्कळ. ते म्हणाले, एक सांगा. मी म्हटलं, नाव सांगता येणार नाही. अध्यक्ष म्हणाले, बोला, वेळ आहे. मी बोललो नाही. तेव्हा दुसऱ्या बाजूच्या एका सभासदांनी विचारलं, तुम्ही स्वतः किती शिकलात? मी म्हटलं, नववीपर्यंत. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं, त्या वयस्कर सभासदांनीही, आणि अध्यक्षांनी आभार मानले. लाल दिवा विझला.

बाहेर लिफ्टपाशी एक बाक आहे, त्यावर बाई बसून राहिल्या. कवायतीच्या सरांनी चहा आणून दिला आणि प्रत्येकाच्या हातात पेला नीट बसेपर्यंत सोडला नाही. घड्याळबाई म्हणाली, तुम्ही बरोबर वागलात. थोड्या वेळाने म्हणाली, आणि आपण बहुतेक हरलो. दोन्ही तिने एकाच आवाजात सांगितलं. बाई चहाकडे बघत म्हणाल्या, “चूक माझी आहे. जन्मभर मी दुसऱ्याकडून उत्तर काढून घेत आले. स्वतः द्यायची वेळ आली आणि मान आपोआप वळली.” त्या वेळी त्यांच्या मनात तू होतीस की आणखी कोणी, की कोणीच नव्हतं, ते मी विचारलं नाही. त्या इतक्या म्हाताऱ्या मला कधी दिसल्या नव्हत्या.

आम्ही निघणार तेवढ्यात समितीचा कारकून शोधत आला. त्या सभासदांनी निरोप दिला होता. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर लेखी देता येईल, येत्या सोमवारी मतदान होईपर्यंत. मात्र पूर्ण नाव आणि सही हवी, निनावी कागद ते दफ्तरी घेत नाहीत. घड्याळबाईने माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे. बाईंनी पेला बाकाखाली ठेवला आणि म्हणाल्या, तिला लिहू नकोस. ती सुटली आहे, तिला सुटलेलीच राहू दे. मी हो म्हटलं. आणि मनापासून म्हटलं.

पण मग परवा इस्पितळाची दोन माणसं फीत घेऊन वर्ग मोजायला आली. इथे सामानाची खोली होणार आहे. त्यातला एक खाटांच्या मधे उभा राहून वर बघत होता, की या कप्प्या काढल्या तर छताला भोकं राहतील का. मुलं सगळी जागी होती. बाई त्या दिवशी शिकवत होत्या ते शिकवतच राहिल्या, आवाज जरा वाढवून. त्या माणसाला सरका म्हणाल्या, तुम्ही अपूर्णांकाच्या आड येता आहात.

ती माणसं गेल्यावर मॅडमने मला बोलावलं. तिला हल्ली रोज ताप येतो आणि ताप आला की ती हुकूम सोडत नाही, प्रश्न विचारते. म्हणाली, माझ्या खाटेवर आधी कोण होतं? मी म्हटलं, एक मुलगी होती. ती चालायला लागली? लागली. मग शिकली? खूप शिकली. मोठी झाली, नोकरी करते, सगळं गाव तिच्या भरवशावर पाणी पितं. मॅडमने छताकडे बघितलं. मग विचारलं, नाव काय तिचं? आणि माझं पुन्हा तेच झालं. इथे ना माइक होता ना लाल दिवा. ती म्हणाली, “म्हणजे तुम्ही बनवून सांगताय, सर.” रागाने नाही म्हणाली. मोठ्यांना सांभाळून घेतात ना, तसं म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे केलं, जेवढं प्लास्टरमध्ये करता येतं तेवढं.

म्हणून बाईंचा शब्द मोडून हे लिहितो आहे. तुझं नाव मला दे. एका कागदावर लिही की मी त्या खोलीत होते, त्या फळ्याखाली शिकले, आणि आज हे काम करते. खाली पूर्ण नाव आणि सही. सोमवारच्या आत ते समितीच्या कचेरीत पोचायला हवं. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर घालून दिला आहे. मी काही लपवत नाही. तो कागद दफ्तरात राहील आणि कोणीही मागून वाचू शकेल. तुझ्या सासरची माणसं वाचतील, प्रयोगशाळेतली वाचतील, कोणी तरी नक्की विचारील की आमच्यापासून लपवलंस का. तुझ्या घरात त्या दिवशी काय होईल ते मला इथून दिसत नाही आणि मी त्याला काहीच करू शकणार नाही. घड्याळबाई म्हणाली होती की मागताना समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवावी. ‘तू नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन,’ असं वाक्य मी इथे लिहिलं होतं. वाचून बघितलं आणि खोडलं, कारण ते खरं नाही. मी समजून घेऊ शकणार नाही. प्रयत्न करीन, पण होणार नाही. तू या वर्षांत सुखात राहावंस एवढंच मी मागत आलो, आणि आज तेच सुख तुझ्याकडून मागतो आहे, कारण मॅडम जागी झाली आहे, पलीकडच्या पोराने घोरणं बंद केलं आहे, फळ्यावर उद्याचा धडा लिहायचा आहे, आणि मला दुसरं कोणी माहीत नाही. लिही. मी तुझ्या पाया पडतो, लिही.

अजूनही तुझाच,
दाराकडचा